वेणूच्या आईचा नेम

॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥

बारामती,
ता. २४ नोव्हेंबर १९५८

तीर्थरूप अक्कास,
प्रयागचा सा. न. वि. वि.

तुझं कार्ड पोचलं, आणि झुंबरदाजींनी यष्टीच्या कंडक्टरच्या हाती दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबाही पोचला. झाकण उघडल्याबरोबर तुपाचा वास दारापर्यंत गेला. मी तो वास पोटभर घेतला आणि झाकण परत लावून टाकलं. का, ते पुढे लिहिते. तू चिडणार आहेस, म्हणून चार ओळी क्षेमकुशलाच्या आधी लिहून घेते. हे रोज सायकलने माळेगावच्या कारखान्यात जातात. गळीत चालू झाल्यापासून काट्यावर बैलगाड्यांची रांग हटत नाही, त्यामुळे जेवायला कधी येतील ते त्यांनाच ठाऊक नसतं. आत्याबाईंचे गुडघे थंडीने धरलेत, पण म्हशीची धार दुसऱ्या कुणाला काढू देतील तर शपथ.

परवा कार्तिकी झाली. आळीतल्या सगळ्या बायकांचा चातुर्मास सुटला, वांगी-कांदे पुन्हा चुलीवर चढले. आणि मी माझा चातुर्मास आजपासून धरला आहे. हसू नकोस.

वेणू तुझ्याकडे होती तेव्हा तिच्या गालावर नुसती लाली होती. आपण दोघी म्हणालो, बाळंतिणीच्या खुराकाची उष्णता असेल. इथे आल्यापासून मात्र गाल, हनुवटी, मान, कोपराच्या घड्या लाल होऊन त्यांना पाणी सुटतं, मग खपली धरते. दुपट्यावर डोकं घासून घासून मागचे केस गेले. शी शेंबडासारखी होते आणि त्यात रक्ताचा धागा दिसतो. तू तेल लावताना मांडीची वळी चिमटीत धरायचीस ना, ती वळी आता राहिली नाही.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमचं दूध हिला मानवत नाही, ते बंद करून डब्याच्या दुधावर घाला. मी उठलेच नाही. मी विचारलं, आईचं दूध लेकराला न मानवायला झालं काय? तेव्हा त्या म्हणाल्या की, आई खाते त्याचा अंश दुधात उतरतो आणि एखाद्या लेकराला एखादी वस्तू सोसत नाही. कोणती, ते कळायला आधी सगळं सोडावं लागतं आणि मग एकेक वस्तू परत घेऊन बघावी लागते. एवढा धीर बाळंतिणीला नसतो, आणि तिच्या सासूला तर मुळीच नसतो, असंही त्या आत्याबाईंकडे बघून हसत हसत म्हणाल्या. मी म्हणाले, एवढंच ना, मग मी बघते. संक्रांतीपर्यंत उतार पडला नाही तर माझं दूध तोडायचं, असं ठरलं. आत्याबाईंनी ते तिथल्या तिथे कबूल केलं, आणि यांनी तर येता येता दुधाचा डबा विकतही आणला. फळीवर ठेवलाय. जाता येता माझी नजर त्याच्यावर जाते.

तर मी विठोबापुढे सुपारी ठेवली आणि दूध, दही, ताक, तूप, गहू, तूरडाळ, हरभरा, शेंगदाणे, खोबरं, वांगं, गूळसुद्धा सोडला. राहिलं काय म्हणशील, तर भाकरी, भात, मुगाचं कढण, दुधीभोपळा, दोडका, चाकवत, आणि फोडणीला करडईचं तेल. देवाने जे जसं पिकवलं ते तसंच खायचं, त्याला नटवायचं नाही. आत्याबाई म्हणाल्या की, ही बाळंतिणीची थाळी न्हाय, जोगिणीची हाय. असो.

दिवसातली एकच वेळ घरात शांततेची असते. तिन्हीसांजेला आत्याबाई बाळकृष्णाला दूधसाखर दाखवतात, पळीभर प्रसाद माझ्या तळहातावर घालतात, आपलं बोट वेणूच्या ओठाला लावतात आणि ओला हात तिच्या तोंडावरून फिरवतात. नातीला देवाच्या ओटीत घालण्याची त्यांची ती रीत. तेवढ्यात कुणी कुणाला बोलत नाही.

लोभ आहेच, तो तसाच असू दे. फक्त यापुढे लाडवांच्या रूपाने पाठवू नकोस.

तुझी
प्रयाग


शेळगाव, ता. इंदापूर,
ता. २ डिसेंबर ५८

चि. सौ. प्रयागला अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी मळ्यात वाचून दाखवलं. मी पेरू काढत होते. तूप सोडलं हे ऐकून माझ्या हातातली पाटी खाली पडली, चांगले चार पेरू फुटले. आई गेल्यापासनं तुझी आई मीच. तुझं बाळंतपण मी केलं, शेक-शेगडी मी केली, लाडू वळून वळून माझी बोटं दुखली, आणि आता मॅट्रिक झालेली बहीण मला लिहून कळवती की लाडवांनी पोर आजारी पडली! तसं तू लिहिलं नाहीस. पण मला वाचता येतं, नुसती अक्षरं नव्हे.

रागावून दोन दिवस लिहिलं नाही. मग आमच्या वाडीतल्या सिद्धूच्या आजीपाशी बोलले. ती मेंढरांमागं फिरलेली बाई. ती म्हणाली, कोवळ्या कोकराला जुलाब लागले की आम्ही आधी मेंढी कुठं चरली ते बघतो, कोकराला औषध पाजत नाही. हे ऐकलं आणि माझा राग अर्धा झाला. उरलेला अर्धा राग ठेवलाय, भेटलीस की देईन.

तू नेमाची आहेस हे मला ठाऊक हाय. लहानपणी संकष्टीला चंद्र ढगात गेला म्हणून तू सकाळपर्यंत उपाशी राहिलीस आणि आई रडली. तसलं आता करू नको. तू उपाशी राहिलीस तर दूध आटंल आणि मग डॉक्टरीण नको न् डबा नको, तूच पोरीला उपाशी मारशील. खायचं तर पोटभर खा. सोडलेलं सोडून दे, पण राहिलेलं दुप्पट खा. सोबत ह्यांच्याबरोबर करडईच्या तेलाची घागर, भोपळे, मूग आणि केळीचा एक घड पाठवते. केळ तू सोडलेल्यात लिहिलं नव्हतंस. मी ओळ न् ओळ बघितली.

लाडू परत पाठवू नको. मला पोरांनी विचारलं तर काय सांगू, मावशीला चाललं नाही म्हणून? पाव्हण्यांना घाल. सायकल मारून वाळलेत.

वेणूची दृष्ट काढ. तेही कर आणि हेही कर, दोन्हीला काही पैसे पडत नाहीत.

माया पातळ होऊ देऊ नको, कढण झालं तर चालंल.

तुझी
अक्का


॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥

बारामती,
ता. १४ डिसेंबर १९५८

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

दाजी आले आणि गेले. घागर पोचली, केळी संपली. तुझ्या बोलण्याप्रमाणे पोटभर खाते. खरं सांगायचं तर, एवढी भाकरी मी आयुष्यात कधी खाल्ली नव्हती. लाडू हे खातात. पहिल्या दिवशी अपराध्यासारखे पाठ फिरवून खात होते, आता समोर बसून खातात आणि वर चांगले झालेत म्हणून तुला कळवायला सांगतात. घरखर्चाच्या वहीत माझ्या नावावर मांडलेलं तूप मी खोडून त्यांच्या नावावर घातलं. ते बघून हे मोठ्याने हसले.

वेणूचं लिहिते. रक्त थांबलं. अक्का, ज्या सकाळी लंगोटावर पहिल्यांदा ते दिसलं नाही, तेव्हा मी तो लंगोट धुवायच्या आधी देवाला दाखवला. सोवळ्यातल्या बाईने करू नये असं ते होतं, पण केलं. कोपराच्या घड्याही वाळल्या. मात्र गाल आणि हनुवटी जशीच्या तशी आहेत. रोज सकाळी जरा निवतात आणि रात्री परत फुलतात. पोट फुगणंही पुरतं गेलं नाही. म्हणजे अर्धं साधलं, अर्धं नाही. आणि अर्ध्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही.

आत्याबाई म्हणतात की, एवढं सोडून जर अर्धीच बरी झाली असंल, तर खोट सोडलेल्यात न्हाय, दुधातच हाय. परवा त्यांनी माझं दूध वाटीत काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली तर दूध नासलं, अशी त्यांची परीक्षा. मी वाटी धरून बसले होते. मुंगी पोहत पोहत काठाला आली आणि भिंतीवर चढून गेली. त्या म्हणाल्या, मुंगीच चिवट हाय. मला त्याही स्थितीत हसू आलं, त्यांनाही आलं असावं, कारण त्या एकदम म्हशीला पाणी दाखवायला म्हणून उठल्या.

वाईट नाहीत गं त्या. पोर रडली की आधी त्या उठतात, दुखऱ्या गुडघ्यांनी. त्यांनाही भीती वाटते. भीती वाटली की त्या बोलतात, मी गप्प होते, एवढाच फरक. पण माझा नेम मी सोडणार नाही. आता आणखी काय सोडावं हाच विचार डोक्यात असतो. हळद सोडली, तरी फरक नाही. मूगसुद्धा सोडून बघेन म्हणते. मीठ सोडायला सांगितलं तर तेही सोडेन, पण वेणूला माझ्यापासून तोडू देणार नाही.

हे लिहीत असतानाच लोणी देवकरहून माणूस आला. आमचे चुलतसासरे कुंडलिकतात्या काल गेले. वय झालं होतं, तरी वाईट वाटलं. आमच्या लग्नात त्यांनीच पंगती वाढल्या होत्या. आत्याबाई आणि हे आत्ताच निघत आहेत. हे उद्या परततील, आत्याबाई तेराव्यापर्यंत तिकडेच राहतील. आम्हांला दहा दिवसांचं सुतक. देव आत्याबाईंनी जाण्यापूर्वीच कापडात बांधून ठेवले. शेळगाव जवळ आहे, जमलं तर तू भेटायला जा.

लोभ असाच जागा असावा. मीही जागीच आहे.

तुझी
प्रयाग


शेळगाव,
ता. २१ डिसेंबर ५८

चि. सौ. प्रयागला अनेक आशीर्वाद, वि. वि.

लोणी देवकरला जाऊन आले. तुझ्या सासूबाई ओसरीवर बायकांत बसल्या होत्या. मला बघितल्याबरोबर बाजूला घेतलं. मला वाटलं, दुःखाचं बोलतील, पण त्यांनी तुझंच काढलं. म्हणाल्या, तुमची बहीण माझं ऐकत न्हाय. मी म्हणाले, माझंही ऐकत न्हाय. मग जरा मोकळ्या झाल्या.

एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसंल ती सांगते. आपल्या पाव्हण्यांच्या, सावळारामरावांच्या आधी त्यांना एक मुलगी झाली होती. अशीच अंगावर फुटली, अशीच शी. त्यांच्या सासूनं मुंगी सोडली, ती मेली. दूध तोडलं आणि शेजारच्या गाईचं पाजलं. पोरगी आखाडात गेली. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. वेणूच्या वाटीतली मुंगी वर चढली तवा माझ्या जिवात जीव आला, पर सुनंला कसं दाखवू, असं म्हणाल्या.

आता तू म्हणशील, मग डब्याचा हट्ट का? मीही विचारलं. त्या म्हणाल्या, तवा गाईचं होतं, आता डॉक्टरनीचं हाय. शिकलेली माणसं सांगत्यात, माझा काय इलाज. प्रयाग, त्या तुझ्या विरुद्ध नाहीत. त्या अजून आपल्या त्या गेलेल्या पोरीपाशीच बसून हायत.

मूग सोडू नको. हाडं मोजता यायला लागल्यावर कुणाला दूध येणार हाय?

तुझी काळजी करणारी,
अक्का


॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥

बारामती,
ता. ३१ डिसेंबर १९५८

तीर्थरूप अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ते आधी आलं असतं तर बरं झालं असतं, आणि आलं नसतं तर मी पुढे जे केलं ते इतक्या हळू हाताने केलं नसतं. सगळं क्रमाने लिहिते.

आत्याबाई गेल्या आणि तीन-चार दिवसांत वेणूचे गाल उतरले. आधी पाणी थांबलं, मग खपल्या गळाल्या, खाली कोवळी गुलाबी कातडी. हनुवटी स्वच्छ. पोट मऊ. पोर अंगठा चोखत छताकडे बघून हसते, तिला हसता येतं हेच आम्ही विसरलो होतो. मी वेगळं काहीच केलं नव्हतं. मूगही सोडला नव्हता. यांना तर इतका आनंद झाला की काट्यावर उसाच्या एका गाडीचं वजन दोनदा लिहिलं.

पण आळीला तोंडं आहेत. शेजारच्या नकोशीवहिनी वेणूला घ्यायला आल्या आणि म्हणाल्या की, सासू गेली अन् पोर सुधारली, यातच काय ते आलं. म्हातारीची नजरच जड. मी त्यांच्या हातातून पोर काढून घेतली आणि सांगितलं की, असं पुन्हा बोलणार असाल तर दारात यायचं नाही. पण बोललेलं हवेत राहतंच. आत्याबाई आल्या त्याच दिवशी ते त्यांच्या कानावर गेलं.  त्यांनी वेणूला घेताना डोळे मिटून घेतले. अक्का, आजीने नातीला डोळे मिटून घ्यावं!

त्या दिवशी घर सारवलं, देव धुतले, तिन्हीसांजेला दूधसाखर दाखवली. पळीभर माझ्या हातावर, बोट वेणूच्या ओठाला, ओला हात तोंडावर. दिवा मालवायच्या आत तिचे गाल पेटले. रात्रभर पाय पोटाशी घेऊन रडली आणि सकाळी लंगोटावर तो धागा परत दिसला.

आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, नकोशी खरं बोलली, मी आले अन् झालं. त्यांना तसं बोलताना ऐकलं आणि मी चुलीपुढे बसून शोधायला लागले की, त्या नव्हत्या तेव्हा घरात काय नव्हतं. भाकरी होती, भात होता, म्हैस होती, मी धार काढून दूध शेजारी देत होते आणि हात धुऊन पोरीला घेत होते. नव्हती ती देवपूजा. सुतकात देव बांधलेले होते, आणि सुतक फिटल्यावरही आत्याबाई येईपर्यंत तसेच होते.  मी घोटभर ताकसुद्धा सोडलं होतं, पण रोज तळहातावर येणारं दूध मी कधी दुधात धरलंच नव्हतं. प्रसाद म्हणजे का कधी खाणं असतं? उपासालाही चालतो, सोवळ्यालाही चालतो, मग नेमाला चालेल असंच मी धरून चालले. आणि ते नुसतं माझ्यातून नव्हे, थेट पोरीच्या ओठाला आणि गालाला लागत होतं.

आता सांग, मी काय बोलायचं? गप्प बसले तर आत्याबाईंची नजर वाईट ठरते. बोलले तर त्यांच्या देवाचं दूध वाईट ठरतं. त्यातून तुझं पत्र वाचलेलं. दिवसभर हिंमत गोळा केली. तिन्हीसांजेला त्यांनी पळी पुढे केली तेव्हा मी तळहात पुढे न करता हात जोडले आणि वेणूला पदराखाली घेतलं. मग सांगितलं. त्यांची पळी तशीच राहिली. त्या म्हणाल्या की, आळी म्हणती माझा डोळा बाधतो, तू म्हणतीस माझा देव बाधतो. माझं असं घरात चांगलं काय हाय ते तरी सांग. मी म्हणाले, तुम्ही चांगल्या आहात आणि देवही चांगला आहे, पण तो दूध पचवतो, ही पचवत नाही. त्या जेवल्या नाहीत. मीही जेवले नाही. हे एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत एकटेच जेवले.

काल मी न्हाणीत होते. आत्याबाई धार काढत होत्या. वेणू तेल लावून उघडी चटईवर होती, ती रडायला लागली. त्या तशाच ओल्या हाताने धावल्या आणि तिला पाठीखाली हात घालून उचललं. मी आले तेव्हा त्या तिला खांद्यावर पालथी घेऊन उभ्या होत्या. मला काही सांगायची गरज पडली नाही. पोरीच्या पाठीवर चार बोटं आणि अंगठा लाल होऊन वर आले होते, विटेसारखे. आत्याबाई खाली बसल्या, तिला मांडीवर पालथं घेतलं आणि आपला हात त्या खुणेवर हवेतच धरून बघितला.  मग तिला माझ्याकडे देऊन राखेने कोपरापर्यंत हात घासले, दोनदा, आणि पोरीला परत घेतलं. या खेपेला डोळे उघडे ठेवून.

 संक्रांत जवळ आली आहे. डबा फळीवरच आहे. मी बाकीच्या वस्तू एकेक परत घेऊ लागले आहे. गूळ घेतला, शेंगदाणे घेतले, काही झालं नाही. पण घरातला शेवटचा शब्द त्यांचा, आणि तो अजून यायचा आहे.

तुझा लोभ या वेळी जरा जास्त लागेल.

तुझी
प्रयाग


बारामती,
ता. ८ जानेवारी १९५९

सौ. फुलाबाई झुंबरराव यांस, गंगाभागीरथी सरुबाईचा राम राम आणि आशीर्वाद. हितं समदी खुशाल, तितली खुशाली कळवत जावी.

पत्र मी सांगते, अक्षर तुमच्या बहिणीचं हाय. मी तिला आधीच बजावलं की, मी बोलंन तसं लिही, मॅट्रिकचं करू नको. सावळारामला लिहायला बसवणार होते, पर तो लाडवांचं तेवढं लिहील अन् बाकीचं विसरंल.

संक्रांतीनंतरच्या रविवारी वेणूचं बोरनहाण करायचं ठरवलंय. तुमी दोघं पोरांसकट आधल्या दिवशीच या. पोरीचे गाल आता बघण्यासारखे झालेत. मांडीला वळी धरायला लागली. काल डॉक्टरनीकडं नेली. तिनं विचारलं, डबा कधी चालू केला. मी म्हणलं, बाई, डब्यात पण कुणाचं तरी दूधच हाय की. ती म्हणाली की, तुमच्या सुनंनं धीर धरला. मी म्हणलं, सुनंचं मला सांगू नका, घरात मी ऱ्हाते.

(अक्का, हे आत्याबाईंनी असंच म्हटलं. मी गाळणार होते, त्यांनी ओळीवर बोट ठेवून बसवलं. — प्र.)

डबा कारखान्यावरच्या एका बाईला देऊन टाकला. ती बिचारी पोर झाल्यापासनं तापात हाय, दूधच न्हाय तिला. तिच्या पोराला तो मानवतोय. ज्याचं त्याला. आमच्या पोरीला आईचं हाय, ते ती पाहिजे तवर पिईल. दोन वरसं पिईल, तीन पिईल. कुणी काय म्हणायचं असंल तर मला म्हणा. नकोशीला मी हे दारात उभी राहून सांगितलंय, आळीतल्या समद्यांना ऐकू जाईल असं.

आता येताना काय करायचं ते ऐका. पेढं आणू नका. दुधातली दशमी बांधून आणू नका. तुमची पोरं वाटंत कुठं चहा प्यालेली असली तर दारातच हात-तोंड धुतील, तवा वेणूला हात लावतील. झुंबररावांना मिशा हायत, त्यांनी नुसतं लांबनं बघावं, मिशीत दूध ऱ्हातं. प्रयाग हसायला लागली. हसू दे. तिच्या नेमात फटी लई होत्या, मी समद्या बुजवल्या. आता मी धार काढायचं लुगडं वेगळं ठेवते अन् राखेनं हात घासल्याबिगर उंबऱ्याच्या आत येत न्हाय. सावळारामला बी घासायला लावते. तो म्हणतो, आई, मी कारखान्यातनं आलोय, म्हशीपासनं न्हाय. मी म्हणलं, तरी घास.

एक सांगायचं ते तुमच्या बहिणीला लिहायला लावते, तिच्या तोंडावर सांगायला मला जमायचं न्हाय. माझी पहिली पोर होती, तिचं नाव आमी ठेवलंच न्हाय, बारशाआधी दुखणं लागलं. तवा मी सासूपुढं बोलले न्हाय. ही बोलली. माझ्यापुढं हात जोडून उभी ऱ्हायली अन् बोलली. मला त्या दिवशी राग आला तो हिचा न्हाय. मला वाटलं, असं बोलता येतं व्हय.

(मी इथे थांबले होते. त्या म्हणाल्या, डोळं पुस अन् पुढं लिही, शाई फुटती. — प्र.)

आता देवाचं. बाळकृष्णाला माझ्या सासूच्या सासूपासनं दूधसाखर चालत आली. ती बंद करताना माझा हात जड झाला, खोटं कशाला बोलू. लई इचार केला. शेवटी त्यालाच विचारलं की बाबा, तू सांग. तो काय सांगणार, पितळंचा हाय. मग मीच ठरवलं की, ही पोर मोठी होऊन तिला दूध सोसंस्तोवर देवानं फळावर ऱ्हावं. म्हणून तुमास्नी लिहिते, येताना तुमच्या मळ्यातलं पेरू आणा, पिकलेलं, घट्ट, देवापुढं रोज एक तरी ठेवता यावा. त्याचा प्रसाद प्रयाग बी खाईल, सावळाराम बी खाईल, मला दात न्हाईत तरी मी चोखंन.

देवाची मला काळजी न्हाय. दुधालोण्यावाचून त्याचा जीव ऱ्हायलाच न्हाय, तर त्यानं शिंक्यावरनं चोरून खावं. सवयच हाय त्याला. पर माझ्या हातनं आता मिळायचं न्हाय.

येताना एकमेकांवरची माया तेवढी घेऊन या, ती धुवायची गरज न्हाय.

सरुबाईचा आशीर्वाद
(अक्षर: प्रयाग)